संदेशाची सांधणी : बंगालमधील एका रक्तविकाराचा धडा

मराठीत ‘ध’चा ‘मा’ करणे असा एक वाक्प्रचार रूढ आहे. 1773 साली नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ अशा अर्थाचा हुकूम लिहिला गेला होता, परंतु त्यातील एक अक्षर बदलून तो ‘मारावे’ असा करण्यात आला, अशी आख्यायिका या वाक्प्रचारामागे आहे. आख्यायिकेचा ऐतिहासिक खरेपणा कितीही असो, तिच्यातील तत्त्व सजीवांच्या शरीरातही दिसून येते. पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेल्या आनुवंशिक मजकुरातील एखादे अक्षर बदलले, तर त्याचा परिणाम माणसाच्या साऱ्या आयुष्यावर होऊ शकतो.

बंगालमध्ये विपुल आढळणाऱ्या एका रक्तविकाराच्या बाबतीत मात्र एक अधिक सूक्ष्म गोष्ट उघडकीस आली आहे. तेथे बदललेले अक्षर केवळ एका शब्दाचा अर्थ पालटून थांबत नाही. संदेश कोठे कापावा आणि कोठे सांधावा, याची खोटी खूणही ते निर्माण करते. ही खूण वाचणारी प्रथिने कोणती, ती काम कसे करतात आणि त्यांच्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

कलकत्त्यातील निरीक्षणे

लहान मुलांना होणाऱ्या एका तीव्र व आनुवंशिक रक्तक्षयाचे वर्णन अमेरिकेतील डॉक्टर टॉमस कूली यांनी 1925 साली केले. त्यांचे बहुतेक रुग्ण भूमध्य सागराभोवतालच्या प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांतील होते. म्हणून ‘समुद्र’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या रोगाला पुढे थॅलासेमिया हे नाव मिळाले. काही काळ हा रोग भूमध्य सागराच्या काठापुरताच मर्यादित मानला जात असे. परंतु 1938 साली कलकत्त्याचे डॉक्टर मुखर्जी यांनी एका भारतीय बालकातील या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही समजूत मागे पडू लागली.

थॅलासेमियाचा अभ्यास पुढे नेण्यास एका साध्या तंत्राची मोठी मदत झाली. रक्तातील लाल पेशींमध्ये हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते व ते ऑक्सिजन वाहून नेते. या प्रथिनावर विद्युत्भार असतो. त्याचा थेंब ओलसर कागदी पट्टीवर ठेवून पट्टीतून विद्युत्प्रवाह सोडला, तर तो भारानुसार कमीअधिक वेगाने सरकतो. विशिष्ट रोग्यांचे हीमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हीमोग्लोबिनहून निराळ्या वेगाने सरकते, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली दाखवून दिले होते. 1954 साली याच मार्गाने एक नवे हीमोग्लोबिन सापडले. त्याला ‘हीमोग्लोबिन ई’ असे नाव देण्यात आले.

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत 1921 साली अध्यापनास आरंभ झाला होता. तेथील रक्तविकारतज्ज्ञ डॉ. ज्योतिभूषण चटर्जी यांनी 1950 नंतरच्या काळात बंगाली कुटुंबांतील या विकाराचा कसून अभ्यास केला. हीमोग्लोबिन ई हे बंगालमध्ये दुर्मीळ नाही, आणि कित्येक रक्तक्षयी मुलांमध्ये ते थॅलासेमियाच्या जोडीने वावरते, ही गोष्ट त्यांच्या कार्यामुळे स्पष्ट झाली. ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड व कंबोडिया या पट्ट्यात हीमोग्लोबिन ईचे प्रमाण बरेच आहे. मलेरियाने ग्रासलेल्या प्रदेशात त्याच्या वाहकांना काही प्रमाणात संरक्षण मिळाले असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

न सुटलेले कोडे

हीमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात : दोन आल्फा व दोन बीटा. आल्फा साखळीत 141 व बीटा साखळीत 146 ॲमिनो अम्ले ओवलेली असतात. बीटा साखळीतील 26 व्या स्थानी निरोगी माणसात ग्लुटामिक अम्ल असते. हीमोग्लोबिन ईमध्ये त्या जागी लायसिन येते, हे हंट व इन्ग्राम यांनी 1961 साली सिद्ध केले. ग्लुटामिक अम्लाचा भार ऋण व लायसिनचा भार धन असल्यामुळे हे हीमोग्लोबिन पट्टीवर मागे का रेंगाळते, याचा उलगडा झाला.

तथापि एवढ्याने सर्व प्रश्न सुटले नाहीत. हीमोग्लोबिन ई ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम बऱ्यापैकी करते. ज्या माणसाला आई व वडील या दोघांकडूनही ईचे जनुक मिळाले, त्याला सौम्य रक्तक्षयापलीकडे सहसा फारसा त्रास होत नाही. परंतु ज्या मुलाला एका पालकाकडून ईचे आणि दुसऱ्याकडून थॅलासेमियाचे जनुक मिळते, त्याला पुष्कळदा गंभीर आजार होतो. एक बदललेले ॲमिनो अम्ल इतके निरुपद्रवी असेल, तर जोडीदार जनुक बदलताच ते इतके घातक का ठरावे?

आणखी एक विसंगती होती. ईचे एक जनुक व निरोगी असे एक जनुक असणाऱ्या वाहकाच्या रक्तात दोन्ही हीमोग्लोबिने निम्मीनिम्मी असावीत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात हीमोग्लोबिन ईचा वाटा साधारणपणे 25 ते 30 टक्केच भरतो. याचा अर्थ ईच्या साखळ्या मुळातच कमी तयार होतात. हे कमीपण कोठून येते, याचे उत्तर मिळण्यास आनुवंशिकीतील एका अनपेक्षित शोधाची वाट पाहावी लागली.

तुटक मजकूर व त्याची सांधणी

जनुकातील मजकूर डीएनए या रेणूत लिहिलेला असतो. प्रथिन बनविण्यापूर्वी त्याची नक्कल आरएनए या रेणूच्या रूपाने केली जाते. आरएनएची लिपी चार अक्षरांची आहे : ए, सी, जी आणि यू. तीन अक्षरांचा एक शब्द होतो व प्रत्येक शब्द एका ॲमिनो अम्लाचा निर्देश करतो. 1977 सालापर्यंत असे समजले जाई की जनुकातील मजकूर सलग असतो. त्या वर्षी फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांनी विषाणूंच्या जनुकांवर काम करताना दाखवून दिले की अर्थपूर्ण तुकड्यांच्या मध्ये निरर्थक वाटणारा मजकूर शिरलेला असतो. अर्थपूर्ण तुकड्यांना एक्सॉन व मधल्या मजकुराला इंट्रॉन म्हणतात. या शोधासाठी दोघांना 1993 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. सशाच्या बीटा साखळीच्या जनुकातही असा खंड पडलेला आहे, हे 1977 सालीच दिसून आले.

मानवी बीटा साखळीच्या जनुकात तीन एक्सॉन व दोन इंट्रॉन आहेत. पहिला इंट्रॉन 130 अक्षरांचा व दुसरा 850 अक्षरांचा आहे. नक्कल प्रथम सबंध उतरवून घेतली जाते. नंतर केंद्रकातच इंट्रॉन कापून टाकले जातात आणि एक्सॉनांची टोके एकमेकांशी सांधली जातात. या क्रियेला स्प्लायसिंग म्हणतात, व मराठीत तिला सांधणी म्हणता येईल. दोरखंडाचा कुजलेला भाग काढून चांगली टोके सांधताना जी दक्षता घ्यावी लागते, तीच येथेही आवश्यक असते. कापण्याची जागा एका अक्षरानेही चुकता कामा नये. हे एका साध्या उदाहरणाने समजेल :

कमल नगर बघत परत

यातील केवळ ‘ग’ हे अक्षर गाळले व पुन्हा तीनतीन अक्षरांचे शब्द पाडले, तर असे होते :

कमल नरब घतप रत

एक अक्षर गेले, पण त्यापुढील सर्व वाक्य निरर्थक झाले. आरएनएच्या वाचनातही असेच घडते.

सांधणीची जागा ओळखणारे

इंट्रॉनाच्या आरंभी येणाऱ्या अक्षरांचा एक ठराविक नमुना असतो. एक्सॉनाची शेवटची तीन अक्षरे सी–ए–जी आणि लगेच इंट्रॉनाची पहिली सहा अक्षरे जी–यू–ए–ए–जी–यू, हा त्या नमुन्याचा आदर्श होय. पेशीच्या केंद्रकात यू-वन नावाचा एक छोटा आरएनए असतो व त्याला काही प्रथिने चिकटलेली असतात. या आरएनएचे एक टोक वरील नमुन्याशी अक्षराला अक्षर जुळते. एसमोर यू व जीसमोर सी अशा जोड्या जमल्या की इंट्रॉनाची सुरुवात सापडली, असे पेशी समजते. असे छोटे आरएनए सांधणीत भाग घेत असावेत, हा विचार जोन स्टाइट्झ व मायकल लर्नर यांनी 1980 साली मांडला.

प्रत्यक्षात फार थोड्या इंट्रॉनांचा आरंभ आदर्श नमुन्याप्रमाणे असतो. बहुतेकांत दोनतीन अक्षरांचा फरक असतो. उलटपक्षी, लांबलचक नक्कलेत आदर्शाशी कमीअधिक साम्य असलेल्या फसव्या जागाही पुष्कळ असतात. मग खरी जागा कोणती, हे ठरविण्यास यू-वनला साहाय्यक लागतात. आरएनएला चिकटणारी कित्येक प्रथिने हे साहाय्य करतात. त्यांपैकी एकाचा इतिहास बीटा साखळीच्या जनुकाशीच निगडित आहे.

1984 साली एड्रियन क्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी बीटा साखळीच्या आरएनएची सांधणी पेशीबाहेर, परीक्षानळीत घडवून आणली. पेशींचा अर्क, आरएनए व ऊर्जेचा पुरवठा एवढ्यावर क्रिया चालते, असे दिसल्यावर अर्कातील कोणता घटक कशासाठी लागतो हे शोधणे शक्य झाले. 1990 साली क्रेनर यांनी त्या अर्कातून एक आवश्यक प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळविले. त्याच वर्षी जेम्स मॅनली यांच्या प्रयोगशाळेतही तेच प्रथिन निराळ्या वाटेने हाती लागले. आज त्याला व त्याच्या जनुकाला एसआरएसएफ-1 असे म्हणतात. हे जनुक मानवाच्या 17 व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे.

या प्रथिनात 248 ॲमिनो अम्ले आहेत. त्याच्या पुढच्या भागात आरएनएला पकडणाऱ्या दोन घड्या आहेत. मागच्या भागात अर्जिनिन व सेरिन ही दोन ॲमिनो अम्ले पुनःपुन्हा येतात, आणि हे शेपूट इतर प्रथिनांना जवळ आणण्याचे काम करते. एसआरएसएफ-1 एक्सॉनमधील विशिष्ट अक्षरक्रमांवर बसते आणि यू-वनला शेजारच्या जागेवर स्थिर होण्यास मदत करते. परीक्षानळीतील प्रयोगांत याचा एक उल्लेखनीय गुण आढळला. आरएनएवर इंट्रॉनारंभाच्या दोन स्पर्धक जागा ठेवल्या आणि या प्रथिनाचे प्रमाण वाढविले, तर इंट्रॉनाच्या शेवटास जवळची जागा निवडली जाते. एचएनआरएनपी-ए-1 या दुसऱ्या एका प्रथिनाचा परिणाम नेमका उलट होतो. म्हणजे कापण्याची जागा ही केवळ अक्षरांवरून ठरत नाही. अक्षरांचे साम्य आणि आजूबाजूच्या प्रथिनांचे परस्परांतील प्रमाण यांच्या तोलातून ती ठरते. कोंबडीच्या पेशींतून हे प्रथिन नाहीसे केले असता त्या पेशी मरतात, हे 1996 साली दिसून आले. यावरून त्याची आवश्यकता लक्षात येईल. दुसऱ्या बाजूस, काही कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर तयार होते. त्याचा अभाव जसा अनिष्ट, तसाच अतिरेकही.

एका अक्षराची दुहेरी चूक

आता बंगालमधील कोड्याकडे पुन्हा वळता येईल. बीटा साखळीच्या पहिल्या इंट्रॉनाचा आरंभ जी–यू–यू–जी–जी–यू असा आहे. आदर्श नमुन्याशी तो चार ठिकाणी जुळतो. तिसरे व चौथे अक्षर जुळत नाही. जागा मध्यम प्रतीची असली तरी निरोगी पेशीत ती पुरेशी ठरते.

या जागेच्या 16 अक्षरे अलीकडे, 25 व्या व 26 व्या शब्दांच्या सांध्यावर, जी–यू–जी–ए–जी अशी अक्षरे आहेत. नमुन्याशी त्यांचेही बरेच साम्य आहे, परंतु तिसऱ्या जागी ए हवा तेथे जी आहे. म्हणून ही फसवी जागा निरोगी माणसात निद्रिस्त असते. हीमोग्लोबिन ईच्या जनुकात 26 वा शब्द जी–ए–जी ऐवजी ए–ए–जी असा झालेला असतो. या बदलामुळे ग्लुटामिक अम्लाच्या जागी लायसिन येते, हे 1961 पासून ठाऊक होते. पण त्याच बदलाने फसव्या जागेची अक्षरे जी–यू–ए–ए–जी अशी होतात, आणि ती आदर्शाच्या पहिल्या पाच अक्षरांशी तंतोतंत जुळतात! निद्रिस्त जागा जागी होते. काही नकला खऱ्या जागी कापल्या जातात व त्यांपासून हीमोग्लोबिन ई बनते. उरलेल्या फसव्या जागी कापल्या जातात व त्यांतून 16 अक्षरे जादा गळतात. सोळाला तीनने भाग जात नाही. त्यामुळे पुढील सर्व शब्द विस्कटतात व अशा नकलेपासून उपयुक्त साखळी तयार होत नाही. ही गोष्ट स्टुअर्ट ऑर्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली उघडकीस आणली. वाहकाच्या रक्तात ईचे प्रमाण निम्म्याहून कमी का, याचे मोठे कारण अखेर सापडले. हीमोग्लोबिन ई हा एकाच वेळी बदललेल्या प्रथिनाचा व सौम्य थॅलासेमियाचा प्रकार ठरला.

भारतात बीटा थॅलासेमियाचे सर्वांत जास्त आढळणारे उत्परिवर्तन हेही सांधणीचेच आहे, आणि तेही याच इंट्रॉनाच्या आरंभी. त्यात पाचवे अक्षर जी बदलून सी होते. आधीच मध्यम असलेली खरी जागा त्यामुळे दुबळी पडते आणि यू-वन आजूबाजूच्या तीन फसव्या जागांकडे वळू लागतो. त्यांपैकी एक जागा हीमोग्लोबिन ईमध्ये जागी होणारीच आहे. एका जनुकात खोटी खूण ठळक झाली आहे, तर दुसऱ्यात खरी खूण पुसट झाली आहे. पहिल्यात निम्मेशिम्मे काम तरी होते, दुसऱ्यात फारच थोडे. ज्या मुलाच्या वाट्याला ही दोन्ही जनुके येतात, त्याच्याजवळ बीटा साखळ्यांचा तुटवडा का पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

तुटवड्याचे परिणाम

बीटा साखळ्या कमी पडल्या की आल्फा साखळ्या जोडीदाराविना उरतात. त्या लाल पेशींच्या आत साका धरतात व पेशी अस्थिमज्जेतच नाश पावतात. शरीर अधिक रक्त तयार करण्यासाठी धडपडते. त्यामुळे मज्जा फुगते, चेहऱ्याची हाडे रुंदावतात, पानथरी वाढते. मूल फिकट दिसते व त्याची वाढ खुंटते. अशा मुलांपैकी काहींना क्वचितच रक्त द्यावे लागते, तर काहींना दर काही आठवड्यांनी. आल्फा साखळ्या जन्मतःच कमी बनत असतील, किंवा गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन पुढेही बनत राहिले, तर आजार सौम्य होतो. कोलकात्यात वस्त्यावस्त्यांतील मंडळे जी रक्तदान शिबिरे भरवितात, त्यांतील रक्ताचा एक भाग अशा मुलांच्या उपयोगी पडतो.

वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साचते व हृदय आणि यकृत यांना इजा होते. ते बाहेर काढण्यासाठी औषधे आहेत. त्यांपैकी तोंडाने घेण्याचे डेफेरिप्रोन हे औषध प्रथम भारतात, 1994 साली, मान्य झाले. योग्य दाता मिळाल्यास अस्थिमज्जेचे रोपण करून रोग बरा करता येतो. 2023 साली ब्रिटनमध्ये जनुक-संपादनावर आधारलेला एक उपचार मान्य झाला, परंतु तो अतिशय खर्चिक आहे.

सांधणीच्या ज्ञानाचा उपचारातही उपयोग होऊ लागला आहे. 1993 साली डोमिन्स्की व कोल यांनी थॅलासेमियाच्या आरएनएवरील फसव्या जागा छोट्या कृत्रिम रेणूंनी झाकून सांधणी सुधारता येते, असे परीक्षानळीत दाखविले. ही कल्पना प्रथम एका निराळ्या रोगात मोठ्या प्रमाणावर फळास आली. पाठीच्या कण्यातील चेतापेशी झिजवून स्नायू दुबळे करणाऱ्या, बालकांच्या एका आनुवंशिक रोगावर क्रेनर यांच्या संशोधनातून नुसिनेर्सेन हे औषध तयार झाले व 2016 साली अमेरिकेत मान्य झाले. ते औषध आरएनएच्या एका विशिष्ट भागावर चिकटते आणि गळून जाणारा एक्सॉन संदेशात टिकवून ठेवते.

प्रतिबंधाचा मार्ग

उपचार कितीही सुधारले, तरी या रोगाच्या बाबतीत सर्वांत सोपा मार्ग आधीच माहिती करून घेण्याचा आहे. ईचे वा थॅलासेमियाचे एकच जनुक असणारा वाहक निरोगी असतो, आणि तपासणीवाचून त्याला स्वतःला काहीही कळत नाही. पती व पत्नी असे दोन्ही वाहक असतील व त्यांपैकी निदान एकाकडे थॅलासेमियाचे जनुक असेल, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. ही शक्यता दर वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा तिचा अर्थ नव्हे. वाहकपण रक्ताच्या एका तपासणीने समजते. विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या आरंभी ती करून घेणे इष्ट होय.

येथे एक सामाजिक गोष्टही नमूद करणे आवश्यक आहे. वाहक असणे हा दोष नाही, आणि तो आईचा वा तिच्या माहेरचा तर मुळीच नाही. आजारी मुलाला एक जनुक आईकडून व एक वडिलांकडून आलेले असते. दोघांचाही वाटा सारखाच असतो. अनेक घरांत अशा मुलाच्या जन्माचा ठपका सुनेवर ठेवला जातो. विज्ञानात त्याला कसलाही आधार नाही.

एका कागदी पट्टीवर मागे रेंगाळलेल्या ठिपक्यापासून सुरू झालेला हा शोध आरएनएच्या सोळा अक्षरांपर्यंत पोहोचला. त्यासाठी रुग्णाच्या उशाशी बसणारे डॉक्टर व परीक्षानळीत सांधणी घडविणारे रसायनज्ञ या दोघांचीही गरज लागली. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, याचा इतिहासकार शोध घेतात. बंगालमधील या विकारात तसा अपराधी कोणी नाही. तेथे आहे ते फक्त पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेले एक अक्षर, आणि ते वेळीच वाचता आले तर एका मुलाचे दुःख टळू शकते.

अभ्यासासाठी प्रश्न

1. हीमोग्लोबिन ईच्या वाहकात या हीमोग्लोबिनाचे प्रमाण निम्म्याहून कमी का असते?

2. संदेशातून 16 ऐवजी 15 अक्षरे गळाली असती, तर वाचनात काय फरक पडला असता?

3. कापण्याची जागा निवडण्याच्या कामी एसआरएसएफ-1 या प्रथिनाचा उपयोग काय?

4. पती हीमोग्लोबिन ईचा व पत्नी बीटा थॅलासेमियाची वाहक असल्यास त्यांच्या मुलांत कोणकोणत्या प्रकारची जनुके येऊ शकतील, याचा तक्ता तयार करा.